कुत्र्याने चॉकलेट खाल्लं? आधी वजनकाटा काढा

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे आमच्याकडे चॉकलेट हा खाऊ कमी आणि कच्चा माल जास्त. कोको पावडरचा डबा दिवसातून दहा वेळा उघडतो, ओट्यावर तपकिरी बोटांचे ठसे कायम. याच घरात बंड्या राहतो. वजन १२ किलो, जात कुणालाच ठाऊक नाही, आणि जगातला प्रत्येक प्रश्न नाकाने सोडवायचा स्वभाव. शिवाय मनी नावाची मांजर आहे, पण तिला केकपेक्षा केकच्या रिकाम्या खोक्यात जास्त रस.

"काकू, बंड्याला एक तुकडा देऊ?" माझा पुतण्या दर सुट्टीत विचारतो. उत्तर दर वेळी एकच, नाही. कौतुकाने, बक्षीस म्हणून, "बघतोय बिचारा" म्हणून, कशासाठीच नाही. यावर फार चर्चा करण्यासारखं काही नाही. चर्चा लागते ती दुसऱ्या प्रश्नावर: आपण दिलं नाही, त्यानेच ढापलं, तर काय?

अशा वेळी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, चॉकलेट म्हणजे विषच, आता काही खरं नाही. दुसरी म्हणतात, आमच्या कुत्र्याने तर अख्खा बार खाल्ला होता, ढिम्म काही झालं नाही. दोघंही खरं बोलत असतात. फक्त पहिल्यांच्या डोळ्यांसमोर चार किलोचं पिल्लू आणि बेकिंग चॉकलेट असतं, दुसऱ्यांच्या घरी तीस किलोचा लॅब्रेडॉर आणि दुधाळ चॉकलेट. म्हणून विचारायचं असतं ते असं: कुठलं चॉकलेट, किती, केवढ्या कुत्र्याने आणि किती वेळापूर्वी? पहिल्या तीन गोष्टी काट्यावर ठरतात, चौथी घड्याळावर.

नेमकं बाधतं काय

साखर नाही, दूधही नाही. बाधतं ते थिओब्रोमिन, आणि त्याच्या जोडीला थोडं कॅफीन. कोकोच्या झाडाचं शास्त्रीय नाव थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न. त्यावरून या द्रव्याला नाव पडलं. कोकोच्या बियांत ते १८४१ साली अलेक्झांडर व्होस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाला सापडलं. नावात ब्रोमिन असलं तरी त्यात ब्रोमिनचा कणही नाही.

आपण चॉकलेट खाल्लं की आपलं यकृत हे द्रव्य भराभर मोडून टाकतं. कुत्र्याचं यकृत त्या कामात मंद. रक्तातलं थिओब्रोमिन निम्म्यावर यायला कुत्र्याला साधारण साडेसतरा तास लागतात, माणसाला ७ ते १० तास. म्हणजे रात्री नऊला खाल्लेल्यातलं अर्धं दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचलाही अंगात असतं, आणि पाव हिस्सा त्याच्या पुढच्या सकाळपर्यंत. तोवर ते हृदयाला पळवतं, मेंदूला झोपू देत नाही, स्नायू थरथरवतं. शरीराला "आता दमलास, शांत हो" असं सांगणारा एक निरोप असतो, तोच हे द्रव्य अडवून धरतं. चहा-कॉफी जास्त झाल्यावर रात्री आपली जी गत होते, तीच, पण कित्येक पटीने आणि दोन-तीन दिवस लांबलेली.

हिशेब कसा करायचा

हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून सविस्तर सांगते. दर ग्रॅममागे थिओब्रोमिन आणि कॅफीन मिळून किती मिलिग्रॅम, ते असं धरायचं: दुधाळ चॉकलेट २.३, साधं डार्क ५.५, बिनसाखरेचं बेकिंग चॉकलेट १५.५, कोरडी कोको पावडर २८. पांढऱ्या चॉकलेटात फक्त कोकोचं लोणी असतं, त्यामुळे ०.०४, म्हणजे नगण्य.

डार्कच्या वेष्टनावर ७० किंवा ८५ टक्के लिहिलेलं असेल तर मी डार्कचा आकडा धरत नाही, सरळ बेकिंगचा धरते. हिशेब जास्त आला तर एक फेरी फुकट जाईल, कमी आला तर पस्तावायची वेळ येईल.

खाल्लेले ग्रॅम गुणिले हा आकडा, भागिले कुत्र्याचं किलोतलं वजन. उत्तर २० च्या खाली आलं तर बहुतेक कुत्र्यांचं पोट बिघडण्यावर निभावतं, तेही झालं तर. २० च्या वर उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडू लागतात. ६० ला झटके येऊ शकतात. शंभरीच्या पुढे जिवावर बेततं. या रेषा काही दगडावरच्या नाहीत. म्हातारा कुत्रा, हृदयाचा आजार असलेला किंवा मुळातच नाजूक प्रकृतीचा असेल तर त्याला आधीच त्रास होतो.

बंड्याचंच उदाहरण घ्या. त्याची २० ची रेषा म्हणजे एकूण २४० मिलिग्रॅम. दुधाळ चॉकलेटातून एवढं पोटात जायला त्याला शंभरेक ग्रॅमचा अख्खा बार लागेल. डार्क असेल तर ४४ ग्रॅम. कोको पावडर मात्र फक्त साडेआठ ग्रॅम, म्हणजे माझा दीड मोठा चमचा! पांढरं चॉकलेट म्हणाल तर सहा किलो, स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं. तिथवर पोचायच्या आधी साखर आणि चरबीच त्याला आडवा करेल.

लोक बारला घाबरतात आणि पावडरचा डबा उघडा टाकतात. मीही तेच करायची. बार गोड असतो, दिसतो, त्याच्यावर चित्र असतं. पावडर कडू, कुत्रा कशाला खाईल, अशी माझी समजूत. पण तीच पावडर लोण्यात आणि साखरेत मिसळून भाजली की तिला ब्राउनी म्हणतात.

कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकटं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. हे आज करून ठेवा. ऐनवेळी घाबरलेला कुत्रा काट्यावर उभा राहत नाही आणि घाबरलेल्या माणसाला वजाबाकी येत नाही.

ती रात्र

१६ ब्राउनींचा ट्रे ओट्यावर गार करायला ठेवला होता आणि मी गच्चीवर कपडे आणायला गेले. तिथे कुणीतरी भेटलं, बोलत बसले. साडेसातला वर गेले ते पावणेनऊला खाली आले. ट्रे जागच्या जागी. फक्त त्याची एक बाजू रिकामी, आणि बटर पेपर त्या बाजूने दातांनी कातरल्यासारखा. खाली फरशी चाटूनपुसून लख्ख. बंड्या टेबलाखाली बसून माझ्याकडे अजिबात बघत नव्हता.

पहिली दोन मिनिटं मी नुसती उभी होते. मग सवयीने मोजायला लागले. शिल्लक दहा, म्हणजे गेल्या सहा. पाककृती माझीच होती, तोंडपाठ: ४० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम डार्क चॉकलेट. चाळीस गुणिले अठ्ठावीस, अकराशे वीस. शंभर गुणिले साडेपाच, साडेपाचशे. एकूण १६७० मिलिग्रॅम, सोळा तुकड्यांत वाटून प्रत्येकी १०४. सहा तुकड्यांचे ६२६. भागिले १२.

५२.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बंड्या दिसायला ठणठणीत होता. शेपूट हलवत होता, उलट जरा जास्तच खुशीत होता. आकडा नसता तर मी "बघू सकाळपर्यंत" म्हटलं असतं. लक्षणं दिसायला बहुधा ६ ते १२ तास लागतात, कधी त्याच्या बरीच आधी दिसतात. नुकतंच खाऊन झालेल्या कुत्र्याचं "ठीक दिसणं" याला काही अर्थ नसतो.

तुमच्याकडे पाककृती नसेल, विकतचा बार असेल, तर वेष्टनाचे तुकडे गोळा करा. जिगसॉ कोडं मांडतात तसे जमिनीवर जुळवा. एकूण वजन वेष्टनावर असतं, उरलेला ऐवज काट्यावर टाका आणि वजा करा. घरात दोन कुत्री असतील आणि कुणी खाल्लं ते कळत नसेल, तर सगळं एकट्यानेच खाल्लं असं धरून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करा. पोरांना विचारताना मात्र रागावू नका. रागावलात की "एकच दिलं" हे उत्तर ठरलेलं.

फोनवर काय सांगायचं आणि घरी काय करायचं नाही

प्राण्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन. रात्र असेल तर रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याला. तो नंबर कधी लागेल याची वाट न बघता आधीच फोनमध्ये घालून ठेवलेला असावा. मी एवढंच बोलले: "बारा किलोचा कुत्रा, सहा ब्राउनी, हिशेबाने किलोला ५२ मिलिग्रॅम, खाऊन जास्तीत जास्त सव्वा तास झालाय, अजून उलटी नाही, कुठलं औषध चालू नाही." पलीकडून एकच शब्द आला, "निघा." एका वाक्यात सगळं असलं की त्यांचा प्रश्नोत्तरांचा वेळ वाचतो. वेष्टन किंवा डबा सोबत न्या.

त्या दहा मिनिटांत मला तीन सल्ले मिळाले. शेजारचे काका म्हणाले, मिठाचं पाणी पाज, भडाभडा ओकेल. आईचा फोन आला, दूध दे, उतरेल. आणखी एकांनी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवलं, तेही आत्मविश्वासाने. तिन्ही मी केले नाहीत आणि तुम्हीही करू नका.

मिठाने उलटी झालीच नाही तर ते मीठ रक्तात जातं, सोडियम चढतो आणि मेंदूला इजा होते. चॉकलेटने मेला नसता तो कुत्रा मिठाने मेल्याची उदाहरणं आहेत. दुधाने थिओब्रोमिन उतरत बिटरत नाही, पोटातला ऐवज तेवढा वाढतो. पेरॉक्साइड जठराचं आतलं अस्तर जाळतं, आणि मांजरीला तर ते कधीच देऊ नये. तेल, बोट घशात घालणं, हेही नको. ओकताना चुकून फुप्फुसात गेलं तर एका दुखण्याची दोन होतात. कुत्रा पेंगलेला असेल, थरथरत असेल, किंवा पगसारखा चपट्या तोंडाचा असेल तर हा धोका आणखी मोठा. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आईला मी फोनवर एवढंच म्हटलं, "आई, दूध तू पी, मी निघाले."

तोंडात किंवा पंजात अजून तुकडा असेल तर तो मात्र काढून घ्यायचा. आणि उरलेल्या दहा ब्राउनी फडताळात बंद करून निघायचं. मी तशीच ट्रे ओट्यावर सोडून धावले होते. घरी मनी एकटी होती.

दवाखान्यात काय होतं

बंड्याला एक इंजेक्शन दिलं आणि पाच-दहा मिनिटांत त्याने सगळं बाहेर टाकलं. काही ठिकाणी यासाठी डोळ्यांत घालायचे थेंबही वापरतात. चॉकलेट पोटात वितळून त्याचा चिकट गोळा होतो आणि तो बराच वेळ तिथेच बसून राहतो. त्यामुळे चार-पाच तास उलटून गेले असले तरी डॉक्टर उलटी करवण्याचा विचार करतात. "आता उशीर झाला" असं आपणच ठरवून घरी बसू नये. त्या खोलीत जो वास पसरला तो ताज्या ब्राउनीचाच होता. त्यानंतर आठवडाभर मी चॉकलेटची एकही ऑर्डर घेतली नाही, व्हॅनिलावर भागवलं.

मग औषधी कोळसा पाजला, म्हणजे ज्याला पोटातलं विष चिकटून बाहेर जातं ती काळी पूड. थिओब्रोमिन एकदा आतड्यातून रक्तात गेलं की यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा रक्तात. म्हणून कोळशाचे एकाहून जास्त डोस लागू शकतात. हाही घरी पाजायचा प्रकार नाही, श्वासनलिकेत गेला तर फार वाईट. सलाइन लावलं, हृदयाच्या आलेखाच्या तारा लावल्या. ठोके १७० च्या आसपास होते, ते उतरवायला वेगळं औषध दिलं.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते दर दोन तासांनी त्याला शू करायला बाहेर नेत होते त्याचं. कारण विचारलं तर कळलं, लघवीतून बाहेर पडायला निघालेलं हे द्रव्य मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात शिरतं. तुंबून ठेवलं की पुन्हा चढतं. म्हणून भरपूर पाणी, वारंवार लघवी. थिओब्रोमिनवर उतारा असं कुठलंही औषध नाही. आतलं बाहेर काढायचं, उरलेलं शरीर हळूहळू मोडेल तोवर हृदय आणि मेंदू सांभाळायचा, एवढाच इलाज. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या घरी आला.

आकडा कमी आला तर

समजा वीस किलोच्या कुत्र्याने दुधाळ चॉकलेटच्या दोन वड्या, वीस ग्रॅम, खाल्ल्या. हिशेब २.३ येतो. फोन तरी करावाच, पण बहुधा "घरीच लक्ष ठेवा" असं सांगतील. लक्ष ठेवणं म्हणजे दर पाच मिनिटांनी त्याचं तोंड पाहणं नव्हे. त्याने तो बिचारा आणखी घाबरतो.

मी नाडी मोजते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडी जिथे पोटाला मिळते तिथे दोन बोटं हलकेच दाबली की टपटप लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. शांत पडलेल्या बंड्याची नाडी ८८ ते ९६ असते. मोठ्या कुत्र्यांची याहून कमी, छोट्यांची जास्त. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या कुत्र्याचा रोजचा आकडा माहीत असणं कामाचं. तो आजारी नसताना, टीव्ही बघता बघता, चार-पाच दिवस मोजून लिहून ठेवा. झोपेतले श्वासही मोजा, मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत.

येरझाऱ्या घालतोय, एका जागी पडवतच नाही, उगाच धापा टाकतोय, भांडंभर पाणी पिऊन पुन्हा पुन्हा शू करतोय, अंग तापलंय, पाय ताठ किंवा कापतायत, नाडी नेहमीपेक्षा बरीच वर गेलीय, यातलं काहीही दिसलं तर पहिला हिशेब विसरा आणि निघा. आपण मोजण्यात चुकलेलो असू शकतो. सोफ्याखाली दुसरं वेष्टन सापडतंच. झटका आला तर तोंडात हात घालायचा नाही, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या आणि उचलून न्यायचं.

आणखी एक गोष्ट उशिरा उगवते. लोणी आणि मलईने ठासून भरलेला केक पचवताना एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पाठ कमानीसारखी करून उभा राहणं, पोटाला हात लावू न देणं, परत उलट्या, खाणं बंद. तोवर चॉकलेटचं आपण विसरून गेलेलो असतो, डॉक्टरांना सांगतही नाही. सांगा.

वेष्टनाची मागची बाजू

कधी कधी चॉकलेट हा सगळ्यात छोटा गुन्हेगार असतो. "शुगर-फ्री" लिहिलेलं दिसलं की ग्रॅमचा हिशेब बाजूला ठेवून घटकपदार्थ वाचा. झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई९६७ असं असेल तर तडक दवाखाना. कुत्र्याच्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली साखर कोसळते, कधी कधी अर्ध्या तासातच. किलोमागे ०.१ ग्रॅम त्यासाठी पुरतो. ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतावर येतं. काही पीनट बटरमध्येही हे असतं, आणि गोळी भरवायला लोक नेमकं तेच वापरतात.

मनुके घातलेलं चॉकलेट असेल तर मनुके वेगळे मोजा. द्राक्षं आणि मनुक्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात. अमुक एवढे चालतात अशी सुरक्षित रेषा आखता येत नाही. २०२१ पासून संशय टार्टरिक आम्लावर आहे. मकाडेमिया दाण्यांनी मागचे पाय लटपटतात, पण एक-दोन दिवसांत कुत्रा सावरतो. कॉफीच्या बिया चॉकलेटात बुडवलेल्या असल्या तर कॅफीनची भर. बागेत आच्छादनाला कोकोच्या टरफलांचा भुसा वापरत असाल तर तोही चॉकलेटच समजा. ग्रॅमला ९ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे साध्या डार्कपेक्षा जास्त, आणि वास तर अप्रतिम.

मांजर, ससा, पोपट

मनीने उरलेल्या दहा ब्राउनींना नाकसुद्धा लावलं नव्हतं. मांजरांना गोड चवच कळत नाही. जिभेवर गोड चव ओळखणारा जो रिसेप्टर असतो, त्याचं एक जनुक त्यांच्यात मोडकं आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून दवाखान्यात चॉकलेट खाल्लेल्या मांजरी कमी दिसतात. याचा अर्थ त्यांना चालतं असा नाही. थिओब्रोमिन त्यांनाही तितकंच बाधतं, आणि वजन तीन-चार किलोच. मनीचा हिशेब केला तर कोकोचा एक मोठा चमचा तिला ४० च्या घरात नेतो. गोडाला ती भुलत नाही, पण लोण्याच्या क्रीमला भुलते. चॉकलेट क्रीमचं भांडं चाटायला ती येतेच.

सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे गेलं ते आतच राहिलं. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं वजन ग्रॅममध्ये मोजायचं, तिथे कणभरही खूप. या दोघांच्या बाबतीत मी हिशेब करत बसणार नाही, थेट फोन करेन.

आपण चॉकलेट खाताना कुत्र्याला काहीतरी "तसंच" द्यायचं असेल तर कॅरोब नावाच्या शेंगेची पूड मिळते. रंग तपकिरी, चव गोडसर, बाधणारं द्रव्य नाही. त्याची बिस्किटं मी बंड्यासाठी भाजते. साखर आणि चॉकलेटचे दाणे त्यात मिसळलेले नाहीत ना, एवढं पाकिटावर बघून घ्यायचं. खरं सांगायचं तर बंड्याला गाजरही तितकंच आवडतं. हा सोस आपला असतो.

आता घरात काय बदललंय

ट्रे गार करायला ओव्हनमध्येच, ओव्हन बंद करून, दार किंचित उघडं. कोकोचा डबा ओट्याच्या वरच्या फडताळात, ज्याला खिटी आहे. कचऱ्याची बादली झाकणाची, पायाने दाबायची. पाहुण्यांच्या पर्स आणि दप्तरं खुंटीवर, कारण जमिनीवरच्या पर्समध्ये चॉकलेट असतंच. फडताळाच्या दाराला आतून कागद डकवलाय: चार चॉकलेटांचे चार आकडे, बंड्याचं आणि मनीचं वजन, दोन दवाखान्यांचे नंबर. पुतण्याला तो हिशेब करायला शिकवलाय. त्याला तो गणित म्हणून फार आवडला. आता तो "एक तुकडा देऊ?" विचारत नाही. "काकू, एका तुकड्याचे किती मिलिग्रॅम?" विचारतो आणि उत्तर आलं की तुकडा स्वतः खातो.

एक गोष्ट त्या रात्री मी डॉक्टरांना सांगायला विसरले होते: बटर पेपर. वेष्टनं, चांदी, कागद हे विष नसतं, पण आतड्यात अडकू शकतं. उलटीत तो आला नव्हता, हे मला घरी परत आल्यावर ट्रे घासताना लक्षात आलं. पुन्हा फोन केला. खातोय का, शी होतेय का, पोट फुगलंय का, सारख्या उलट्या आहेत का, एवढं तीन दिवस बघा म्हणाले. मग तीन दिवस मी हातमोजे घालून, काडीने, अंगणात बसून शोधकाम केलं. पहिले दोन दिवस कोळशामुळे सगळं डांबरासारखं काळं, काही कळायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडला. तळहाताएवढा, चार घड्या पडलेला, आणि त्याच्यावर माझ्या ट्रेच्या कडेची सरळ रेघ अजून शाबूत होती.